आधी खोकला, मग रिंग

(काळा पडदा. फोन लावल्याचा आवाज. खोकला.)

आठवतोय हा खोकला? मार्च 2020च्या सुरुवातीला कोरोनाची सूचना म्हणून तो देशभरातल्या मोबाइलमध्ये शिरला. फोन कुणालाही लावा, आधी कुणीतरी खोकणार, मग हात धुवायची सूचना आणि मग रिंग. समोरच्यालाच ठसका लागला असं वाटून "काय हो, बरं नाही का?" म्हणणारेही होते. 9 मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले आणि तोच आवाज अंगावर यायला लागला.

(दृश्य: डाव्या हातावरचा शाईचा शिक्का)

आजार डोळ्यांना दिसत नव्हता, त्यामुळे भीती माणसांवर निघाली. घरीच विलगीकरणात राहायला सांगितलेल्यांच्या हातावर राज्य सरकार शिक्के मारत होतं. 18 मार्चला गरीबरथ गाडीत चौघांच्या हातावरचे शिक्के सहप्रवाशांच्या नजरेला पडले. डब्यात गलका झाला आणि चौघांना पालघरला उतरवलं गेलं. पुढे 'हमें बीमारी से लड़ना है, बीमार से नहीं' ही ओळ फोनवर घोकून घेतली जात होती, तेव्हाही काही सोसायट्या रुग्णालयातून परतलेल्या नर्सला गेटवरच अडवत होत्या. कान ऐकत होते, पण गेट काही उघडत नव्हतं.

भीती फार काळ ताणून धरता येत नाही. संध्याकाळी टीव्हीवर आकडे यायचे, सुरुवातीला घर गप्प व्हायचं, नंतर नंतर "आज किती?" एवढं विचारून लोक जेवायला बसायचे. पोरं त्या खोकल्याची हुबेहूब नक्कल करायची. मग अमिताभ बच्चन यांचा आवाज आला. त्याचाही कंटाळा आला, आणि हा आवाज काढा म्हणत प्रकरण थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

(दृश्य: लसीकरण केंद्राचं बंद दार)

एप्रिल 2021. ऑक्सिजन बेड, रेमडेसिविरची इंजेक्शनं. घरातला एकजण हातात नंबरांची यादी घेऊन बसलेला. एक नंबर लागेना म्हणून दुसरा, मग तिसरा. आणि प्रत्येक वेळी आधी तो शांत, गोड आवाज: लस घ्या. लस कुठून घ्यायची? मुंबईतली केंद्रं साठा संपला म्हणून बंद पडत होती. सूचना चुकीची नव्हतीच. पण बेड शोधणाऱ्याला तिचा काडीचा उपयोग नव्हता, म्हणून ती डोक्यात जायची.

मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयानंच केंद्र सरकारला सुनावलं: लस नाही, आणि फोनवर ही वैताग आणणारी ट्यून कसली वाजवता?

न्यायमूर्तींनाही फोन लावावे लागतच असणार.