छातीच्या फोटोत गाठ? आधी जुना फोटो दाखवा!

नमस्कार मंडळी. "डॉक्टर, छातीच्या फोटोत गाठ निघाली, आता किती दिवस?" मागच्या व्हिडिओखाली हे इतक्या जणांनी विचारलंय की आजचा विषय तुम्हीच ठरवलात.

सोपं ते पटकन उरकतो. छातीच्या फोटोत, म्हणजे एक्सरेत, ३ सेंटिमीटरपर्यंतची गोल सावली म्हणजे नोड्यूल, त्याहून मोठी ती मास. सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात, टीबीचा जुना व्रणही तसाच दिसतो. फुप्फुसाच्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, ट्यूमरमध्ये जास्त करून हॅमार्टोमा भेटते. सीटीत तिच्या आत चरबी दिसली किंवा मक्याच्या लाह्यांसारखं कॅल्शियम दिसलं की माझा जीव भांड्यात.

आता माझं रडगाणं. जुना फोटो कुठाय? भरीव गाठ दोन वर्षं जशीच्या तशी असेल, तर ती बहुतेक निरुपद्रवी. हे कळायला एकतर दोन वर्षं थांबा, नाहीतर जुनी फिल्म आणा, दोन मिनिटांत कळेल.

गुहागरकडचे एक काका आले, रिपोर्टचा कागद लॅमिनेट केलेला. काका, कागद नको, फिल्म! पिशवीतून काढली, तर उजवीकडचा खालचा कोपराच गायब. "२०१९च्या ग्रहणाला कापलान नातवानं." आणि गाठ नेमकी तिथेच! शेवटी मुलाच्या डोंबिवलीच्या घरी माळ्यावर २०१५ची फिल्म मिळाली. गणपतीला येताना तो घेऊन आला. शेजारी शेजारी लावून मोजलं, गाठ तेवढीच.

आणि ते व्हॉट्सअॅपवर खिडकीला धरून काढलेले फोटो पाठवू नका हो. गाठीपेक्षा मागचा माड स्पष्ट दिसतो.

"काढ्यानं गाठ विरघळली" म्हणणारे दादा, हॅमार्टोमा विरघळत नाही. तुमची सावली न्यूमोनियाची असणार.

खरी फसवी गाठ म्हणजे स्क्लेरोझिंग न्यूमोसायटोमा, साधीच गाठ, पण कॅन्सरचं सोंग घेणारी. दुर्मिळ, जास्त करून मध्यमवयीन बायकांत. पेट स्कॅनमध्ये, म्हणजे कॅन्सर शोधायच्या तपासणीत, ती चमकू शकते, पण चमकतो तर टीबीसुद्धा. सुईनं काढलेला तुकडा बारीक असला तर ती अॅडिनोकार्सिनोमा या फुप्फुसाच्या कॅन्सरसारखी दिसू शकते. तिच्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, तुकड्यात एकच आली की पॅथॉलॉजिस्टही चकतो. म्हणून कधीकधी गाठ अख्खी काढल्यावरच निदान पक्कं होतं. तिथेही सर्जन पहिलं काय विचारतो? जुनी फिल्म आहे का!

काकांचा नातू हा चॅनल बघतो म्हणे. बाळा, ग्रहणाचे चष्मे वेगळे मिळतात. एक्सरेच्या फिल्मनं डोळेही जातात.