आसनाखालचं लाकूड

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ लडलो नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट लॉरेन्स चर्चमध्ये शिरलं की मान आपोआप वर जाते. उंच खांब, रंगीत काचा, लाकडी छत. आज मात्र आपण खाली वाकणार आहोत.

ही वेदीकडच्या भागातली पाद्र्यांची आसनं. प्रार्थना दिवसातून कितीतरी वेळा, आणि त्यातला बराचसा वेळ उभ्यानं. म्हातारे पाय किती दम धरणार? म्हणून उघडझाप होणाऱ्या आसनाला खालून एक छोटी कड ठेवलेली. आसन वर उचललं, की तिच्यावर टेकता यायचं आणि लांबून माणूस उभाच दिसायचा. या सोयीचं नाव मिझेरिकॉर्ड. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, दया.

लडलोत अशी 28 आसनं आहेत. पामर्स गिल्ड ही इथली श्रीमंत संघटना. तिनं 1447 मध्ये ब्रिस्टलहून फळ्या आणवल्या. आसन, कड आणि कडेखालचं मधलं शिल्प, सगळं ओकच्या एकाच जाड फळीतून कोरलेलं. छिन्नी एकदा जरी घसरली, तरी केलेलं सगळं काम वाया!

आता हे आसन बघा. एक सैतान एका बाईला खांद्यावर उलटी टाकून नेतोय. ही दारूच्या गुत्त्याची मालकीण. अंगावर चिंधी नाही, डोक्यावरचा नखरेल साज तेवढा शाबूत, आणि हातातला मग काही सुटलेला नाही. गुन्हा त्या मगाचाच आहे: मापात पाप. एका बाजूला तिच्या पापांची यादी वाचली जातेय, दुसऱ्या बाजूला नरकाचा जबडा आ वासून तयार. आणि मध्ये एक सैतान चक्क बॅगपाइप वाजवतोय, वरातीत वाजवावा तसा.

दुसऱ्या एका आसनाखाली बिशपच्या वेषातला कोल्हा पाळीव हंसांना प्रवचन देतोय. पाद्र्यांच्याच आसनाखाली हे कोरायची मुभा त्या सुतारांना होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण माझा जीव जडलाय तो या माणसावर. विस्तवापुढे पाय फाकवून बसलाय, हात शेकतोय. जवळ हंडा आहे, डुकराच्या मांसाचे मोठे तुकडे टांगलेले आहेत. हिवाळ्याची बेगमी झालेली दिसते. बाहेर थंडी, आत दगडी भिंतींचा गारठा, वरच्या कडेला टेकून कुणी म्हातारा पाद्री स्तोत्रं म्हणतोय, आणि त्याच्या बरोबर खाली हा, शेकत बसलेला.