डाव्या मनगटावरची तार

(दृश्य: टेबलावर छोटी उशी, तिच्यावर टेकलेलं मनगट)

वाढलेल्या रक्तदाबाकडे पारंपरिक चिनी वैद्यक कसं बघतं? चिनी वैद्य डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवतो. आपला नाडीवैद्यही तीनच ठेवतो, पण तो वात, पित्त, कफ शोधतो. इथे पहिल्या बोटाखाली हृदय, मधल्याखाली यकृत, तिसऱ्याखाली मूत्रपिंड.

मधल्या बोटाला नाडी धनुष्याच्या दोरीसारखी ताठ लागली, की वैद्य म्हणतो, 'श्येन माय'. तारेसारखी नाडी. मग तो जीभ बघतो. कडा लाल, वर पिवळट थर. झोप लागते का? चिडचिड होते? डोकं गरगरतं?

जुन्या चिनी ग्रंथांत रक्तदाब हा आजार नाहीच. असणार कसा? दंडाला पट्टा आवळून पाऱ्यावर दाब मोजायची युक्ती इटलीतल्या रिवा-रोच्चींनी काढली, तीही 1896 मध्ये. त्याच्या कितीतरी आधीच्या 'ह्वांगदी नेइजिंग' या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथात आहे ती भोवळ, आणि तिचं खापर फुटतं यकृतावर.

चिनी पंचतत्त्वांच्या हिशेबात यकृत म्हणजे लाकूड, मूत्रपिंड म्हणजे पाणी. पाणी आटलं की लाकूड सुकतं आणि त्यातली ऊब, म्हणजे 'यांग', सरळ डोक्यात चढते. सोनोग्राफीत दिसतं त्या यकृताशी याचा संबंध जोडायला जाऊ नका. पण रागाने लालबुंद झालेला माणूस आठवा, चित्र पटतं. त्याच ग्रंथात आणखी एक इशारा आहे: खारट फार खाल्लं, तर नाड्यांतला प्रवाह थिजतो. पापड-लोणच्याशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्यांनी ऐकून ठेवावं.

(दृश्य: मातीच्या भांड्यात उकळणारा काढा)

डोक्यात चढलेल्या या यांगवरचा नावाजलेला काढा त्येनमा आणि गोउतंग यांचा. त्येनमा म्हणजे एका ऑर्किडचा कंद. गोउतंग म्हणजे वेलीचे आकड्यासारखे काटे. ते शेवटी टाकायचे, फार उकळले तर गुण उतरतो. गंमत म्हणजे हा काढा प्राचीन वगैरे नाही, गेल्या शतकाच्या मध्यावरचा आहे.

आणि 'झाडपाल्याने काय होतंय?' म्हणणाऱ्यांसाठी: असंख्य चिनी काढ्यांत पडणारं गानत्साओ हा आपल्या ज्येष्ठमधाचा भाऊबंद. ते रोज भरपूर पोटात गेलं, तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि दाब वाढतो.

मला खटकतं ते वेगळंच. या शास्त्राला ऐकू येते ती तक्रार. रक्तदाबाचा वरचा आकडा 170 असूनही ज्याला काहीच होत नाही, तो वैद्याचं दार कशाला ठोठावेल?

(दृश्य: आजचं चिनी रुग्णालय, पारंपरिक औषधांचा विभाग)

इथे उशीशेजारी बीपीचं यंत्र आहे. आधी दंडावर पट्टा फुगतो. मग मनगटावर बोटं.