ट्रॅक्टर शेडमध्ये, ट्रॉली बांधावर: चोर आधी काय नेणार?

राम राम मंडळी.

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की आपण ट्रॅक्टर धुऊन-पुसून शेडमध्ये लावतो. ट्रॉली मात्र बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला उभी राहते, थेट पुढच्या हंगामापर्यंत. चोरट्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून आज आधी ट्रॉलीचं बोलू, ट्रॅक्टरचं नंतर.

(ट्रॉलीच्या दांडीजवळ बसून)

हे बघा. ट्रॉली न्यायला किल्ली लागत नाही, बॅटरी लागत नाही. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, ही कडी हुकात बसवायची, पिन टाकायची आणि निघायचं. रस्त्यात कोणी हटकतही नाही, कारण रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली तर कोणाला काय वेगळं वाटणार? उसाच्या भागात तर हंगामात ही वाहनं रात्रभर चालूच असतात.

म्हणून हे भोक बंद करा. कडीत जाड दांड्याचं कुलूप अडकवलं की पिन आत जाणारच नाही. दुसरं, चाकाच्या डिस्कमधून बोटाएवढी जाड साखळी ओवून झाडाला नाहीतर लोखंडी खांबाला बांधा. आणि बिनखर्चाचं सांगतो: दांडी भिंतीकडे तोंड करून, अगदी भिंतीला टेकवून उभी करा. समोर ट्रॅक्टर लावायला जागाच उरली नाही तर ट्रॉली हलवायची कशी?

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. टोळी पकडली जाते, पोलीस ठाण्याच्या आवारात ट्रॉल्या ओळीने उभ्या राहतात, आणि तिथं आपला शेतकरी म्हणतो, "साहेब, ती लाल माझी." लाल तर दहा आहेत! रंग बदललेला असतो, चेसिस नंबरची पट्टी रिव्हेट तोडून काढलेली असते. ट्रॉली कोर्टातून सुपुर्तनाम्यावर, म्हणजे खटला चालू असताना हमी लिहून देऊन ताब्यात, सोडवायची तर मालकी दाखवावी लागते. ज्याने कधी पासिंगच, म्हणजे आरटीओकडे नोंदणीच, केली नाही, तो काय दाखवणार?

तर एक करा. वेल्डिंगवाल्याकडून सांगाड्याच्या लोखंडी चॅनेलच्या आतल्या बाजूला आणि एक्सलवर, अशा दोन ठिकाणी गावाचं नाव आणि आपला गट नंबर रॉडने लिहून घ्या. वेल्डिंगची अक्षरं रंगाखाली लपत नाहीत. ग्राइंडर मारला तरी घासल्याची खूण राहते आणि तिथेच पोलिसांची नजर जाते. मग त्या खुणेचे, चेसिस नंबरचे, टायरच्या नंबरांचे फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. ट्रॉलीचं पासिंग राहिलं असेल तर तेही करून घ्या.

आता ट्रॅक्टर. जुन्या मॉडेलमध्ये एकाची किल्ली दुसऱ्याला चालते, हे तुम्हाला मी सांगायला नको. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. साधा डिझेल पंप असलेला ट्रॅक्टर ओढून, ढकलूनही चालू होतो, आणि एकदा चालू झाला की त्याला बॅटरीची गरज नसते. त्याला लागतं डिझेल. म्हणून डिझेलच्या लाईनवर आडोशाला, सहज हाताला न लागणारा एक जादा कॉक मेकॅनिककडून बसवून घ्या आणि रात्री बंद करा. फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर ट्रॅक्टर थोडं अंतर जाईल, मग एअर धरून, म्हणजे डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरून, बंद पडेल. अंधारात, अनोळखी रानात एअर काढत बसायला चोराकडे वेळ नसतो.

जीपीएस घेणार असाल तर स्वतःची बॅटरी असलेला घ्या, नाहीतर वायर तोडली की तो मुका. डॅशबोर्डजवळ बसवू नका, आणि सिमचा रिचार्ज संपू देऊ नका.

एवढं करूनही चोरी झालीच, तर आधी ११२ ला फोन करा आणि पोलीस पाटलांना कळवा. गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा असेल तर तिच्या नंबरवर निरोप द्या. तुमच्याच आवाजातला निरोप एकाच वेळी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर जातो. आणि त्याच दिवशी एफआयआर. "दोन दिवस आपणच शोधू" हे नको.

विम्याचं नीट ऐका. नुसत्या थर्ड पार्टीत चोरीचा पैसा मिळत नाही, फुल विमा लागतो. ट्रॉली पॉलिसीत वेगळी लिहिलेली आहे का, तेही बघा. कंपनीला लगेच लेखी कळवा. २०२० साली सुप्रीम कोर्टापुढे ट्रॅक्टरचोरीचंच एक प्रकरण होतं. शेतकऱ्याने एफआयआर त्याच दिवशी केला होता, कंपनीला मात्र उशिरा कळवलं होतं. कोर्ट म्हणालं, एफआयआर वेळेवर आहे, तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा नाकारता येणार नाही. पोलिसांना तपास लागला नाही तर 'अ' समरीची प्रत घ्या. गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही, असा तो अहवाल. कंपनी तो मागते, आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही किल्ल्याही मागते.

शेवटचं थोडं कडू बोलतो. या ट्रॉल्या घेतं कोण? काही भंगारात तुटतात, पण काही आपल्यासारखाच शेतकरी स्वस्तात मिळाली म्हणून दारात आणतो. चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसा संशय यायला पुरेसं कारण असताना घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ट्रॉली जप्त होते ती वेगळीच. म्हणून जुनी ट्रॉली घेताना आरसी मागा, चेसिस नंबर स्वतः वाकून ताडून बघा, घासल्याच्या खुणा शोधा. विकणारा म्हणाला, "पासिंगचं नंतर बघू," तर इसार न देता तिथूनच परत फिरा.