साठवता न येणारं औषध

मंडळी, कॅन्सरसाठी लागणारे आयसोटोप, म्हणजे औषधात वापरायचे किरणोत्सारी अणू, आपल्याच देशात बनले पाहिजेत असं कुणी म्हटलं की सभागृहात टाळ्या पडतात. पडू देत. पण मला आज अभिमानाबद्दल कमी आणि घड्याळाबद्दल जास्त बोलायचंय. कारण हे औषध गोदामात ठेवता येत नाही.

हाडांच्या स्कॅनला लागणारं टेक्निशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मं होतं. म्हणून रुग्णालयात ते सहसा तयार येत नाही, येतं मॉलिब्डेनम-९९, जनरेटर नावाच्या उपकरणातल्या छोट्या स्तंभात भरलेलं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, ६६ तास. त्यातून सतत टेक्निशियम तयार होत राहतं आणि तंत्रज्ञ रोज सकाळी, गाईची धार काढावी तसं, ते काढून घेतो. सोमवारी सकाळी आठला जेवढं मॉलिब्डेनम होतं, त्याच्या निम्मं गुरुवारी पहाटे दोनला उरतं. पुढचा आठवडा म्हणजे नवा जनरेटर. तो विमानातून येणार असेल आणि धुक्यामुळे विमान रखडलं, तर औषध वाटेतच आटत राहतं.

अणुभट्टीत साधं मॉलिब्डेनम ठेवून न्यूट्रॉनचा मारा केला, तर बहुतेक माल साधाच राहतो, अगदी थोडा किरणोत्सारी होतो. जनरेटरच्या छोट्या स्तंभात एवढा माल मावत नाही. त्यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं एक खटपटीचा मार्ग चालला. मॉलिब्डेनमच्या अल्कधर्मी द्रावणात मिथाइल इथाइल कीटोन हा द्रावक घालून हलवायचं. टेक्निशियम वरच्या थरात येतं, मग कीटोन उडवून टाकायचं आणि उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. वाचायला सोपं, पण शिशाच्या आडोशामागे रोज सकाळी हे करणाऱ्याला विचारा! युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे अणू फोडून, मिळणारं मॉलिब्डेनम फार सरस. त्याला साधा स्तंभ पुरतो. मात्र त्यासाठी मोठी रासायनिक प्रक्रिया लागते, कचराही सांभाळावा लागतो.

आयोडीन-१३१ मध्ये आपला हात बसलेला आहे. तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियम डायऑक्साइड ठेवायचं, नंतर तापवायचं, आयोडीन वाफ होऊन वेगळं होतं. थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये शस्त्रक्रियेनंतर हेच देतात. शिशाच्या भांड्यावरच्या चिठ्ठीत मात्रेसोबत तारीख आणि वेळही असते. अर्धायुष्य ८ दिवसांचं, तेव्हा वेळ नसलेल्या आकड्याला काही अर्थच नाही.

ल्युटेशियम-१७७ ची गोष्ट मला जास्त आवडते. न्यूरोएंडोक्राइन आणि प्रोस्टेटच्या काही कॅन्सरमध्ये ते थेट गाठीपर्यंत नेऊन सोडतात. ल्युटेशियम-१७६ न्यूट्रॉन अक्षरशः गिळतं आणि त्याचंच १७७ होतं, म्हणून ते ध्रुवसारख्या भट्टीत थेट ठेवूनही चांगला माल निघतो. पण त्यासाठीचं समृद्ध, म्हणजे १७६ चं प्रमाण वाढवलेलं, ल्युटेशियम अनेक वर्षं बाहेरूनच आणावं लागलं. ‘देशी’ म्हणताना हा कच्चा माल आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता २००९ आठवा. कॅनडातली चॉक रिव्हरची एनआरयू भट्टी जड पाण्याच्या गळतीमुळे मे महिन्यात बंद पडली, ती ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. मधल्या काळात नेदरलँड्समधली पेटनची भट्टीही काही महिने दुरुस्तीसाठी बंद होती. दोन म्हाताऱ्या भट्ट्या थांबल्या आणि जगभर स्कॅन पुढे ढकलले गेले. एनआरयू २०१८ मध्ये कायमची बंद झाली.

आपला धडा काय? भट्टी देशात आहे एवढ्यानं भागत नाही, किती आहेत ते बघा. तुर्भ्याचीच सायरस भट्टी २०१० च्या शेवटी थांबली. ध्रुव १९८५ ची. २०१८ मध्ये तिथलीच अप्सरा भट्टी नव्या रूपात आली, पण ती २ मेगावॉटची आणि ध्रुव १०० मेगावॉटची. ध्रुवची देखभाल निघाली की मोठा भार उचलणारं दुसरं कोण? मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं वैद्यकीय आयसोटोपसाठी खासगी भागीदारीतून संशोधन भट्टी उभारण्याची घोषणा केली. भागीदार कोण, यावर खुशाल वाद घाला. मी आधी विचारेन, की ती आणि ध्रुव एकाच महिन्यात बंद ठेवायच्या नाहीत, हे वेळापत्रक कुणाच्या टेबलावर असेल?