दिवा लागला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका

(पावसाळ्याच्या तोंडावर ठाण्यात दुचाकीधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बंधूंनो आणि भगिनींनो,

जूनचा दुसरा आठवडा उजाडला की मला येणाऱ्या फोनचा विषय बदलतो. एरवी लोक मायलेजबद्दल विचारतात. पाऊस सुरू झाला की मात्र प्रश्न एकच असतो: 'गाडी तशी बरी चालते आहे, पण मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आहे आणि तो जात नाही, आता काय करू?' फोन करणाऱ्यांत घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणारे असतात, तसेच कोपरीत किंवा खाडीपलीकडे ऐरोलीत गाडी उघड्यावर लावणारेही असतात. ओल आणि खाडीची खारट हवा यांचा या दिव्याशी जवळचा संबंध आहे, तो ओघात येईलच.

आधी हा दिवा लावतो कोण, ते पाहू. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत पेट्रोल आणि हवा यांचे प्रमाण जेट आणि सुई ठरवत असत, त्यामुळे बिघाड कानाने ऐकून किंवा प्लगचा रंग पाहून ओळखता येत असे. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि पेट्रोलच्या बहुतेक सगळ्या नव्या दुचाकींत इंजेक्शन, म्हणजे मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आले. आता हे प्रमाण ईसीयू नावाची पेटी ठरवते. थ्रॉटल किती उघडला आहे, इंजिन किती तापले आहे, आत येणाऱ्या हवेचा दाब किती आहे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, ही माहिती सेन्सर तिला पुरवतात. त्यातली एखादी माहिती तिला पटली नाही, की ती त्या तक्रारीचा कोड स्मृतीत नोंदवते आणि दिवा लावते.

आज मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते हे की ईसीयूला इंजिन दिसत नाही, तिला फक्त तारांवरचे व्होल्टेज दिसते. थ्रॉटलच्या सेन्सरचे उदाहरण घ्या. त्याला ईसीयूकडून 5 व्होल्टचा पुरवठा होतो; थ्रॉटल बंद असताना तो साधारण अर्धा व्होल्ट परत पाठवतो आणि पूर्ण पिळल्यावर साडेचारच्या आसपास. परत येणारा आकडा शून्यावर किंवा थेट पाचावर जाऊन बसला, तर ईसीयू थ्रॉटल सेन्सरचा कोड नोंदवते. परंतु सेन्सर आतून गेला आहे, तार तुटली आहे, कपलरची, म्हणजे तारा जोडणाऱ्या प्लास्टिकच्या खटक्याची, पिन गंजली आहे की अर्थिंग सैल झाले आहे, हे तिला त्या आकड्यावरून कळत नाही, कारण चारही प्रसंगी तिच्यापर्यंत पोहोचणारा आकडा सारखाच असू शकतो. कोड आपल्याला बिघाड ज्या वाटेवर आहे ती वाट दाखवतो. बिघडलेली वस्तू आपल्यालाच शोधावी लागते.

हा फरक मला स्वतःच्या गाडीने शिकवला. काही वर्षांपूर्वी भर पावसात दिवा लागला. एका कार्यशाळेत स्कॅनर लावून ऑक्सिजन सेन्सरचा कोड निघाला आणि तेथे मला नवा सेन्सर बसवायला सांगितले. मी तो बसवला, पैसे दिले आणि चार दिवसांनी माजिवड्याच्या पुलाखाली दिवा पुन्हा लागला. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी सेन्सरच्या तारेवर बोट ठेवून मागे मागे गेलो. फ्रेमच्या आतल्या बाजूला, चिखल उडतो नेमक्या त्या जागी, कपलर होता. त्याची खिट्टी अर्धवट बसलेली होती. तो उघडला तेव्हा आत पाण्याचा एक थेंब होता, एका पिनेवर हिरवट पांढरी भुकटी चढली होती, आणि तीच पिन शेजारच्या पिनांपेक्षा सुमारे दोन मिलिमीटर आत सरकली होती. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा, जुना टूथब्रश आणि पिन पुढे ओढायला बारीक चिमटा, एवढ्यावर काम झाले. काढून टाकलेला जुना सेन्सर मी परत बसवून पाहिला. तो उत्तम होता. ते पैसे वाया गेले याची मला आजही हळहळ वाटते, आणि तुमच्यापैकी कोणाचे तसे जाऊ नयेत म्हणून मी येथे उभा आहे.

आता घरी काय करायचे ते सांगतो. पहिल्यांदा दिवा कोणता आहे, याची खात्री करावी. तेलाच्या कॅनचे चित्र असलेला लाल दिवा इंजिन चालू असताना लागला, तर गाडी तेथेच बंद करून तेलाची पातळी पाहावी; तो दिवा घेऊन घरापर्यंत येणे म्हणजे इंजिन गमावण्याची तयारी. एबीएसचा दिवा मात्र चावी फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडी पुढे गेल्याशिवाय विझत नाही, तेव्हा उभ्या गाडीवर तो दिसला म्हणून घाबरू नये. इंजिनाचा पिवळा दिवाही चावी फिरवल्यावर लागलाच पाहिजे, कारण ती त्याची स्वतःची तपासणी असते. अडचण आहे ती इंजिन सुरू झाल्यावरही तो राहतो तेव्हा. दिव्याबरोबर गाडी मिस करत असेल, झटके देत असेल, तर तशीच चालवत राहू नये, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो.

त्यानंतर बॅटरी. कोडच्या मागे लागण्यापूर्वी हे का, असे कोणी विचारेल. बॅटरी अशक्त असली की सेल्फ मारताना व्होल्टेज एवढे खाली येते की ईसीयूचेच भान सुटते आणि ती भलतेच कोड नोंदवू शकते. व्होल्टेज मोजणारा साधा मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा हवा. सेल्फ मारताना तो 10 च्या फार खाली जाऊ नये. आणि इंजिन चालू ठेवून थोडी रेस दिल्यावर 13.5 ते 14.5 दरम्यान असावा. हे करताना गाडी मोकळ्या हवेत आणावी. बंद तळघरात इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतू शकते. बॅटरीच्या टर्मिनलचे स्क्रू आणि फ्रेमला जोडलेली अर्थिंगची तार हाताने हलवून पाहावी, कारण अनेक दुखणी तेथेच सापडतात.

कोड वाचल्याशिवाय बॅटरीची तार मात्र काढू नये. 'तार काढून पाच मिनिटांनी लावा, दिवा जातो' असा सल्ला सर्रास दिला जातो. काही गाड्यांत तसा दिवा जातोही, पण त्याबरोबर पुरावाही जातो. कोड वाचण्याचे मार्ग दोन आहेत. होंडाच्या इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत दिवाच उघडझाप करून आकडा सांगतो: लांब उघडझाप म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. दोन लांब आणि एक छोटी म्हणजे 21, अर्थात ऑक्सिजन सेन्सर. सात छोट्या म्हणजे तापमानाचा सेन्सर आणि आठ म्हणजे थ्रॉटलचा. मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, मोजणी चुकत नाही. दुसरा मार्ग स्कॅनरचा. अलीकडच्या अनेक गाड्यांत सीटखाली सहा पिनांचे जोडणीचे ठिकाण असते. त्याला ॲडॅप्टर लावला की ब्लूटूथवर चालणारे छोटे यंत्र मोबाइलवर कोड दाखवू शकते. पी आणि शून्य यांनी सुरू होणारे कोड सर्व कंपन्यांना समान असतात. पी आणि एक यांनी सुरू होणारे त्या त्या कंपनीचे, म्हणून त्यांचा अर्थ त्याच गाडीच्या माहितीपुस्तकात पाहावा. कोड कागदावर लिहावा, आणि दिवा कधी लागला, पाऊस होता का, गाडी धुतली होती का, पेट्रोल नुकतेच भरले होते का, हेही लिहावे. हा कागद मेकॅनिकला स्कॅनरइतकाच उपयोगी पडतो.

मग कोडने दाखवलेल्या वाटेवर डोळ्यांनी जावे. चावी बंद ठेवून कपलर सोडवावा, पिना पाहाव्यात, तार हँडलच्या वळणावर किंवा टाकीखाली घासली आहे का ते बोटाने तपासावे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या गाड्यांत मी सर्वाधिक वेळ येथेच देतो, कारण पावसाचे पाणी सुकते पण खाऱ्या हवेतला क्षार पिनेवर राहतो. गाडी धुणाऱ्याकडचा जोराचा फवाराही पाणी रबरी सीलच्या आत ढकलतो.

कधी कधी तार आणि सेन्सर दोन्ही निर्दोष असतात, आणि सेन्सर खरे तेच सांगत असतो. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधली गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, फुटली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि ऑक्सिजन सेन्सर 'पेट्रोल कमी पडते आहे' असे कळवतो. थ्रॉटल बॉडीच्या रबराला चीर गेली, तर खरोखरच मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते आणि तोच कोड येतो. गॅस्केटपाशी काळी काजळी दिसते, फट्‌फट् आवाज येतो. रबराची चीर मात्र ते वाकवल्याशिवाय दिसत नाही.

एवढे झाल्यावर कोड पुसावा आणि गाडी पंधरा-वीस किलोमीटर, सिग्नलवर थांबत आणि मोकळ्या रस्त्यावर थोडी पळवत, अशी दोन्ही प्रकारे चालवावी. तोच कोड परत आला तर आता सेन्सरवर संशय घेण्यास जागा आहे, आणि मल्टिमीटरने त्याची मोजणी करून मगच नवा आणावा. वॉरंटी शिल्लक असेल तर एकही तार कापू नये किंवा सोलू नये. इंजेक्टर, पेट्रोलचा पंप आणि ईसीयू यांच्या कामाला घरी हात घालू नये. तेथे पेट्रोल दाबाखाली असते. अशा वेळी तो कागद घेऊन मेकॅनिककडे जावे आणि आधी कपलर उघडून दाखवायला सांगावे.