कामार्ग: रोहित पक्षी, मिठागरं आणि एक अर्धवट रिंग

स्क्रीनवर अजून काही धड दिसत नाहीये, ठाऊक आहे. मेचा दुसरा आठवडा, पहाटेचे साडेपाच, पुरतं उजाडलेलं नाही. आधी नुसतं ऐका. ही जी करकर चाललीये, गंजलेली बिजागरी कुणी मुद्दाम हलवत बसल्यासारखी, तो बोरूतला मोठा वटवट्या, एक छोटा पक्षी. आफ्रिकेत हिवाळा काढून सहारा ओलांडून, मग भूमध्य समुद्र ओलांडून इथे आलाय, आणि आल्यापासून गप्प बसायचं नाव नाही.

आपण आहोत दक्षिण फ्रान्समध्ये, कामार्गला. आर्ल गावापाशी रोन नदीचे दोन फाटे होतात आणि मधला सगळा प्रदेश म्हणजे हा त्रिभुज प्रदेश, तळी, बोरूची बेटं, खारवट माळ, भातशेती. समोरचं पाणी म्हणजे व्हाकारेस तळं, साधारण साडेसहा हजार हेक्टर, पण खोली म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी कमरेएवढी. 1927 पासून हा भाग राखीव आहे.

सोबत माझी ताई. ती मोंपेलियेला राहते, गाडी तिची, थर्मास तिचा, आणि पक्ष्यांमध्ये इंटरेस्ट शून्य. पहिल्या तासातच मला म्हणाली, "अरे, हा तोच ना मगाचचा?" मी म्हटलं, "ताई, मगाचचा बगळा होता, ही घार आहे." (दलदलीवरची भोवत्या होती खरं तर, पण सकाळी सकाळी कुठे वाद घाला.)

उजाडलं आणि वारा सुटला. मिस्त्राल म्हणतात त्याला, उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून सुसाट खाली येतो, कोरडा आणि थंड. म्हणून पुढचे बरेच शॉट हलतायत, ट्रायपॉडला पिशवीत दगड भरून लटकवले तरी हलतायत, त्याला माझा इलाज नाही. एक फायदा मात्र झाला, डास उडाले. कामार्गचे डास ज्याने खाल्लेत तो वाऱ्याला शिव्या देत नाही.

साडेआठच्या सुमारास भातशेतांपाशी आलो. हो, भात! एप्रिल-मे मध्ये खाचरांत नदीचं पाणी सोडतात आणि त्या दिवसापासून तिथे पक्ष्यांची जत्रा. हे लाल लांबलचक पायांचे शेकाट्या तर आपलेच, उरणच्या मिठागरांत बघतो तेच. ते बारके, शेपूट उडवत पळणारे तुतवार, हे इथले नाहीत, चार दिवस पोट भरून वर स्कँडिनेव्हियाकडे जाणार. आणि हा पिवळसर ढोकरीसारखा दिसतोय तो स्क्वॅको बगळा, आपल्या वंचकाचा भाऊबंद, उडाला की एकदम पांढरा होतो, अगदी तीच ट्रिक.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हे सगळं बघून वाटतं ना, की निसर्ग कसा मोकळा सोडलाय? तसं बिलकुल नाहीये. 19व्या शतकात नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले आणि समुद्राच्या बाजूनेही बांध घातला. म्हणजे पूर बंद, समुद्रही बाहेर. तेव्हापासून इथे गोडं पाणी येतं ते मुख्यतः पंपाने. भात का लावतात? पैसे मिळतात हे एक, पण खाचरात गोडं पाणी उभं राहिलं की जमिनीतलं मीठ खाली दबतं हे दुसरं. पंप बंद तर मीठ वर. प्रत्येक बगळ्याच्या मागे कुठेतरी कुणीतरी झडप उघडलेली असते असं म्हणा ना.

ताई म्हणाली, "म्हणजे हे शेत आहे का अभयारण्य?" प्रश्न बरोबर होता. मला उत्तर देता आलं नाही, मी तिला नीलपंख दाखवला, तारेवर बसलेला. त्याला पाहून मात्र तिने स्वतःहून दुर्बीण मागितली.

मग सालँ-द-जिरो, मिठाचं गाव. इथून खाली फांगासिए नावाचं तळं आहे आणि त्यात एक छोटंसं बेट. रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, अख्खी कहाणी या बेटाभोवती फिरते. 1960 च्या दशकात कित्येक वर्षं इथे रोहितांनी घरटीच केली नाहीत. जागा धुपत होती, त्रास वाढला होता. मग 1970 मध्ये माणसांनी या पाण्यात मातीचं बेट बांधलं. पक्षी येईनात. शेवटी माणसांनीच चिखलाची खोटी घरटी करून ठेवली, आणि 1974 मध्ये रोहित आले एकदाचे. मागे तूर द्यू वाला ही संशोधन संस्था होती, ल्यूक हॉफमन यांनी 1954 मध्ये सुरू केलेली.

पण नुसतं बेट बांधून भागत नाही. भूमध्य समुद्राकाठी उन्हाळ्यात तळी आटतात, पाणी आटलं की कोल्हे चालत बेटावर. इथे पाणी टिकलं कारण मीठवाले नेमके उन्हाळ्यातच समुद्राचं पाणी पंप करून मिठागरांत फिरवायचे. त्यांना मीठ पाहिजे होतं, रोहितांना खंदक मिळाला. पुढे मीठ इथे परवडेना, मिठागरांचा मोठा भाग सरकारी किनारा-संस्थेने विकत घेतला, जुने बांध हळूहळू समुद्राच्या हवाली होतायत. आणि रोहितांनी मुक्काम हलवला, गेली काही वर्षं मोठी वसाहत पश्चिमेला एग-मोर्तच्या मिठागरांत आहे, कारण तिथे पंप चालू आहेत.

मला हे बेट बघायचंच होतं. दिसलं ते हे, वाऱ्यात थरथरणारं, रिकामं. वीस मिनिटं उभा होतो. ताई गाडीतच.

तिथून सँत-मारी-द-ला-मेर नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतं, पण मधल्या समुद्राच्या बांधावरून गाडी न्यायला मनाई, चालत किंवा सायकलने जा. म्हणून अख्ख्या व्हाकारेसला वळसा. वाटेत काळे बैल, पांढरे घोडे, शिंगरं मात्र काळी-तपकिरी, मोठी होता होता पांढरी होतात.

सँत-मारीत जेवायला थांबलो. दरवर्षी 24 मे ला रोमा, म्हणजे जिप्सी लोक इथे त्यांच्या संत सारा-ला-कालीची मूर्ती मिरवत समुद्रात नेतात. काली म्हणजे रोमा भाषेतही काळीच, ती भाषा मुळात आपल्याकडूनच गेलेली. आम्ही बारा दिवस लवकर पोचलो, चुकलंच. याच गावात 1962 मध्ये पाणथळ जागांवर एक परिषद झाली आणि तिच्यातून पुढे 1971 चा रामसर करार निघाला. नांदूरमधमेश्वर, लोणार, ठाण्याची खाडी यांच्या नावापुढे रामसर लागतं ना, त्याचा उगम या मच्छी खाणाऱ्या टुरिस्टांच्या गावात. ताई म्हणाली, "मग बोर्ड का नाही कुठे?" मला तरी दिसला नाही.

दुपारनंतर जवळच पों द गोचं पक्षी उद्यान, 1949 पासूनचं, साठेक हेक्टर. इथे दाराशीच झाडांवर बगळ्यांची वसाहत, राखी बगळे, लहान बगळे, गाय बगळे, सगळे एकावर एक, आरडाओरडा आणि वास! चाळीतला पाण्याचा नळ आठवला. पुढे रोहित इतके जवळ की लेन्स मागे घ्यावी लागली. बघा, डोकं उलटं करून चोच पाण्यात, जिभेने पाणी आत-बाहेर, चोचीतल्या गाळणीत बारीक जीव अडकतात. गुलाबी रंग त्या खाण्यातूनच येतो.

आणि पाय बघत बसा. 1977 पासून इथे दरवर्षी शेकडो पिल्लांच्या पायात प्लास्टिकची रिंग घालतात, त्यावरची अक्षरं टेलिस्कोपमधून लांबूनही वाचता येतात. वाचून कळवलं की त्या पक्ष्याचा जन्म, कुठे कुठे दिसला, सगळं समजतं. काहींनी चाळिशी ओलांडलीये.

सहा वाजता मला एक रिंगवाला सापडला. वारा पडला होता, डास परत आले होते, माझी मान लाल. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागलं. ताई बाजूला वही घेऊन, "बोल, लिहितेय." तिसरं लागलं, आणि त्याने तोच पाय उचलून पिसांत खुपसला, मान पाठीवर टाकली आणि झोपला.

पाऊण तास उभे होतो. ताईच म्हणाली, "थांब रे, उठेल." उद्यान बंद व्हायची घोषणा झाली तेव्हा तो तसाच एका पायावर.